सोडून आलो, असं मुलांना सांगण्याआधी

तुमच्या लेकरानं पार्किंगमधून भिजलेलं मांजराचं पिल्लू उचलून घरी आणलं असेल, तर आधी त्याला रागावू नका. गणवेशाला चिखल लागलाय, घरात जागा कमी आहे, उद्या परीक्षा आहे, हे सगळं खरं. पण मूलभूत कर्तव्यांचा धडा आठवा. १९७६ सालच्या ४२व्या घटनादुरुस्तीनं ही कर्तव्यं राज्यघटनेत आली आणि सजीव प्राण्यांबद्दल दयाबुद्धी बाळगणं हे त्यातलंच एक. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत दोन मार्कांना लिहितात. तुमच्या मुलानं आज ते करून दाखवलं आहे. त्याला पहिल्यांदा एवढंच म्हणा, "बरं केलंस. आता काय करायचं ते आपण मिळून ठरवू."

मी पुण्यात अशी अनाथ पिल्लं सांभाळते आणि त्यांना घरं शोधून देते. पावसाळ्यात फोनवर फोन येतात. बहुतेक फोन आयांचे असतात आणि प्रश्न एकच असतो, "ताई, याला कुठं सोडू?" या प्रश्नाबद्दलच मला तुमच्याशी मनापासून बोलायचं आहे.

मांजराची पिल्लं पिशवीत घालून मासळी बाजारात, मंडईत, देवळामागं किंवा डेअरीजवळ सोडून यायची रीत आपल्याकडं जुनी आहे. वाईट माणसंच असं करतात, असं अजिबात नाही. "तिथं खायला मिळेल, जगेल कुठंतरी," या भाबड्या समजुतीनं चांगली माणसंही तसं करतात. पण बाजारातली प्रत्येक जागा आधीच कुठल्या तरी मांजरानं धरून ठेवलेली असते. नव्यानं आलेल्याला तिथले बोके फोडून काढतात. महिन्या-दीड महिन्याच्या पिल्लाला शिकार येत नाही, गाडीचा आवाज कळत नाही, आणि कुत्रं दिसल्यावर कुठं पळायचं हेही त्याला शिकवलेलं नसतं. तिथं सोडलेली बहुतेक पिल्लं जगत नाहीत. उपासमार होईल अशा परिस्थितीत प्राण्याला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी त्याचा दंड आहे दहा ते पन्नास रुपये. एवढ्या दंडाला कोणी भीत नाही, मला ठाऊक आहे. म्हणून मी कायद्याचा धाक घालत नाही, मुलांबद्दल बोलते.

आपण सोडून येतो आणि मुलांना सांगतो, "काकांच्या शेतावर दिलं, मजेत आहे तिथं." मुलं विश्वास ठेवतात, कारण सांगणारे आपण असतो. आमच्याबरोबर काम करणारा एक कॉलेजचा मुलगा आहे. लहानपणी त्याला असंच सांगितलं होतं. दर सुट्टीत गावी गेला की तो ते मांजर शोधायचा आणि दर वेळी मोठी माणसं काहीतरी नवं सांगायची. खरं काय झालं ते त्याला कुणी कधीच सांगितलं नाही, त्याचं त्यालाच उमगलं. मांजर गेल्याचं दुःख त्यानं पचवलं. वडिलांच्या बोलण्यावरचा भरवसा मात्र पुढं बरीच वर्षं डळमळीत राहिला. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. ठेवणं जमणार नसेल तर ठेवू नका, पण मुलाशी खोटं बोलू नका. "आपल्याला ठेवता येणार नाही, आपण त्याला चांगलं घर शोधू," हे वाक्य सहा वर्षांच्या मुलालाही कळतं आणि पेलतं.

आता एक गोष्ट, जी फोनवर सांगेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो. पिल्लाला खरंच आपली गरज आहे का, हे आधी पाहायला हवं. मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवते, असं आपल्या आज्या सांगायच्या. घरं सातच असतात असं नाही, पण आज्यांची नजर पक्की होती. माणसं डोकावू लागली, बोक्याचा वास आला, आडोशाला पाणी शिरलं की आई एकेका पिल्लाला मानेला धरून दुसरीकडं हलवते. एकाला नेत असते तेव्हा बाकीची उघड्यावर दिसतात आणि आपल्याला वाटतं, आईनं टाकली. शिवाय तिलाही पोट असतं, ती तासन्‌तास बाहेर असू शकते. अंगाला ऊब, पोट गोल, गुपचूप झोपलेलं पिल्लू दिसलं तर त्याची आई आहे असं समजा आणि लांब व्हा. उलट अंग गार, केस चिकटलेले, डोळ्यांना चिपडं, सतत केकाटणं असं असेल तर मदत हवी आहे. नक्की कळत नसेल तर पिल्लांच्या भोवती कणकेची बारीक रेघ ओढा आणि दोन-तीन तास लांबून लक्ष ठेवा. रेघ विस्कटून पावलं उमटली तर आई येऊन गेली. मुलांना द्यायला याच्याइतकं सुंदर काम नाही, खिडकीत बसून ती डोळ्यांत तेल घालून राखण करतात. आणि उचलून आणलेलंच असेल, तर घाबरू नका. माणसाचा हात लागला म्हणून मांजर पिल्लाला टाकत नाही. सुरक्षित असेल तर त्याच जागी परत ठेवा, आई येऊन घेईल. पाऊस आत येत असेल तर शेजारीच कोरडं खोकं आडवं करून त्यात ठेवा.

आई आलीच नाही, तर मग ती रात्र तुमची. इथं थोडं सविस्तर सांगते, कारण पिल्लं जातात ती बहुतेक पहिल्या एक-दोन दिवसांतच, आणि प्रेमापोटी केलेल्या चुकीच्या उपचारांनी जातात. घरी आणल्या आणल्या वाटीत दूध देऊ नका. आधी ऊब. लहान पिल्लाला स्वतःच्या अंगात ऊब धरून ठेवता येत नाही आणि गार पडलेल्या पिल्लाला काही पचत नाही. बाटलीत गरम पाणी भरा, ती टॉवेलात गुंडाळा आणि खोक्याच्या एका बाजूला ठेवा, म्हणजे गरम वाटलं तर पिल्लाला दुसरीकडं सरकता येईल. अंग उबदार झालं की मगच दूध, आणि तेही गाईचं किंवा म्हशीचं नाही. त्या दुधातली साखर बऱ्याच पिल्लांना सोसत नाही. तळहातावर मावणारा जीव तो, जुलाब लागले तर एका दिवसात शरीरातलं पाणी संपतं. मांजराच्या पिल्लांसाठी वेगळी दूध पावडर मिळते, प्राण्यांच्या दवाखान्यात किंवा त्यांच्या सामानाच्या दुकानात. ती आणा. पाजताना बाळासारखं उताणं धरू नका, दूध फुप्फुसात जातं. पोटावर ठेवा, आईला पिताना असतं तसं, आणि सावकाश पाजा.

डोळे उघडले नसतील तर पिल्लू साधारण एक-दीड आठवड्याच्या आतलं आहे. त्याला दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं, रात्रीही. पाजण्याच्या आगेमागे कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसानं त्याच्या शी-शूच्या जागी हलकेच पुसावं लागतं. आई चाटून हेच करते. पहिले सुमारे तीन आठवडे त्याशिवाय त्याला शी-शू होत नाही. हे माहीत नसल्यामुळे पोट फुगून गेलेली पिल्लं मी पाहिली आहेत. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज एकाच वेळी वजन करा. जन्मतः ते शंभर ग्रॅमच्या आसपास असतं आणि रोज दहा-पंधरा ग्रॅमनं वाढायला हवं. वजन वहीत लिहिण्याचं काम मुलाकडं द्या. सलग दोन दिवस आकडा तिथंच राहिला, किंवा एका दिवसात घसरला, तर दवाखाना गाठा. चौथ्या आठवड्यापासून ताटलीतलं मऊ खाणं सुरू होतं. मीठ-मसाला न घातलेलं, उकडून कुस्करलेलं चिकनही चालतं.

घरातल्या काही वस्तू मात्र कायमच्या जपा. माणसाच्या पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ती पचवायची सोय त्याच्या यकृतात नाही. ताप आला म्हणून, अंग गरम लागलं म्हणून घरातलं औषध कधीही देऊ नका. फिनेलनं पुसलेल्या ओल्या फरशीवरून चालून मांजर पाय चाटतं आणि विष पोटात जातं. कुत्र्याच्या गोचिडांसाठीची पर्मेथ्रिनची औषधं मांजराला लावू नका. कांदा-लसूण घातलेला रस्सा देऊ नका. फुलदाणीतली लिलीची फुलं घरात आणूच नका, त्यांनी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात.

मग प्रश्न येतो, ठेवायचं का? मुलं हट्ट करतात, "मी सगळं करीन, तुला काही करावं लागणार नाही." मूल हे अगदी मनापासून म्हणतं. पण मांजर मुलाचं नसतं, घरातल्या मोठ्या माणसाचं असतं. घरात राहणारं मांजर बारा-पंधरा वर्षं सहज जगतं. आज चौथीत असलेली तुमची मुलगी तेव्हा नोकरीला लागलेली असेल, कदाचित परगावी. म्हातारं झालेलं मांजर तेव्हा तुमच्या मांडीवर असेल. डॉक्टर, खर्च, वाळूचा ट्रे रोज साफ करणं, ही कामं तुमची. पाण्याची वाटी भरणं, केस विंचरणं, खेळणं, ही मुलाची. मुलाचा कंटाळा किंवा परीक्षेतले मार्क यावर मांजराचं घर टिकणं न टिकणं ठरता कामा नये. "अभ्यास केला नाहीस तर मांजर देऊन टाकीन," ही धमकी मी काही घरांत ऐकली आहे. कृपा करून असं बोलू नका. घरातल्या कुणाला देऊन टाकता येतं, हे मुलाला कळावं असं तुम्हालाही वाटत नसेल.

शाकाहारी घरांशी एक गोष्ट स्पष्टच बोलते. मांजर दूध-पोळीवर किंवा दहीभातावर निरोगी राहत नाही. जुन्या वाड्यांत ते तसं राहतंय असं वाटायचं, कारण उरलेलं जेवण ते उंदीर आणि पाली मारून बाहेर करून यायचं. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ती सोय नाही. मांजराला टॉरिन नावाचा घटक मांसातूनच मिळतो. तो कमी पडला तर डोळ्यांचा पडदा निकामी होतो, हे १९७० च्या दशकात संशोधनातून दिसलं, आणि हृदय कमजोर होतं हे १९८७ साली. घरात मांस शिजवायचं नसेल तर टॉरिन घातलेलं तयार कॅट फूड आणा. तेही घरात चालणार नसेल, तर दुसरं घर शोधणं हाच त्या जिवाला न्याय आहे. त्यात कमीपणा काही नाही.

खिडक्या आणि बाल्कनीला जाळी ही मात्र माझी अट असते, आणि ती मी सोडत नाही. मांजर चार पायांवर पडतं म्हणून वाचतं, असं लोक म्हणतात. १९८७ साली न्यूयॉर्कच्या एका प्राणी रुग्णालयानं उंचावरून पडलेल्या मांजरांची नोंद प्रसिद्ध केली होती. पाच महिन्यांत १३२ मांजरं आली होती. उपचार मिळालेली बहुतेक वाचली, पण जबडे मोडून, छातीत हवा भरून. उपचार मिळायला मांजर आधी सापडावं लागतं, तेही वेळेत.

कुणी म्हणेल, एवढं करायचंच तर दुकानातलं गोंडस पर्शियन का नको? चपट्या नाकामुळे त्या मांजरांना श्वासाचा त्रास होतो, डोळे सतत पाझरतात आणि मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार त्या जातीत आढळतो. आपलं गावठी मांजर काटक असतं, इथल्या हवेत जन्मलेलं असतं, आणि त्याला घराची गरज आहे. मी दरवेळी त्याचीच बाजू घेईन.

आजीआजोबांच्या शंका झटकून टाकू नका, त्यांच्याशी नीट बोला. मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो, ही भीती घरोघरी आहे. काही मुलांना मांजराची ॲलर्जी असते हे खरं. ती येते मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या एका प्रथिनामुळे. ते चाटण्यातून केसांवर पसरतं. मुलाला दमा असेल तर डॉक्टरांना विचारून मगच मांजर घरात घ्या.

दुसरी भीती सुनेला दिवस गेले की डोकं वर काढते, आणि वर्षानुवर्षं घरात असलेलं मांजर एका आठवड्यात बाहेर जातं. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी गर्भाला धोकादायक असू शकतो, ही गोष्ट खरी आहे, तिला हसण्यावारी नेऊ नये. पण तो मांजराच्या विष्ठेतून येतो, आणि विष्ठा पडल्यावर किमान एक दिवस तरी त्याला संसर्गक्षम व्हायला लागतो. म्हणून ट्रे रोज साफ करायचा आणि त्या नऊ महिन्यांत ते काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायचं. कच्चं-अर्धकच्चं मांस आणि न धुतलेली भाजी यांतूनही हा परजीवी येतो, तिकडंही तितकंच लक्ष द्या. मांजराला बाहेर काढायची गरज नसते, डॉक्टरांना विचारून खात्री करून घ्या. बाळाच्या जन्मानंतर आपण जिची पूजा करतो ती सटवाई म्हणजे षष्ठीदेवी, आणि तिचं वाहन मांजर आहे. बाळाची राखण करणारी देवी मांजरावर बसून येते, असं आपल्या पूर्वजांनी मानलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

ओरखडा किंवा चावा मात्र कधीही हलका घेऊ नका. साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीज मांजरातूनही होतो. ओरखडा लागलेलं मूल रागावण्याच्या भीतीनं ते लपवतं, म्हणून त्याला आधीच सांगून ठेवा की काहीही झालं तरी मी ओरडणार नाही, पण मला लगेच सांगायचं. शेपटी आपटायला लागलं, कान मागं गेले की हात काढून घ्यायचा, जेवताना आणि झोपेत हात लावायचा नाही, हेही शिकवा. अगदी लहान मुलाला मांजराबरोबर एकटं सोडू नका. ते दोघांच्याही भल्याचं आहे.

ठेवायचं नाही असं ठरलं, तर घर शोधण्याच्या कामात मूल पहिल्यापासून सोबत हवं. आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत पिल्लू कुणाला देऊ नका. आईजवळ आणि भावंडांत ते चावण्याची मर्यादा शिकतं, माणसाच्या हाताची सवय दोन ते सात आठवड्यांत लागते. सहा-आठ आठवड्यांपासून लसी सुरू होतात, रेबीजची तीन महिन्यांनंतर. फोटो टाकला की "मला पाहिजे" म्हणणारे पुष्कळ येतात. त्यातला पहिला आला त्याला देऊ नका. त्यांच्या घरी जा. जाळी आहे का, घरातल्या सगळ्यांना मांजर हवंय का, घर भाड्याचं असेल तर मालकाला माहीत आहे का, गावी जाताना कोण बघणार, नसबंदी करणार का, हे विचारा. चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही. जमल्यास दोन भावंडं एकत्र द्या, ती एकमेकांत रमतात आणि रात्री घर डोक्यावर घेत नाहीत. मुलाला एक कागद लिहायला सांगा. याला काय आवडतं, कशाला घाबरतं, कुठं खाजवलं की घुरघुरतं. नव्या घरी तो कागद मुलानं स्वतःच्या हातानं द्यावा. आठवड्यानं फोन करायचं आधीच ठरवून घ्या आणि तो फोन मुलाला करू द्या.

आणि काही पिल्लं जातात. सगळं नीट केलं तरी जातात. पॅनल्यूकोपेनिया हा विषाणूजन्य आजार झाला तर लस न झालेलं पिल्लू दोन दिवसांतही जाऊ शकतं, आणि त्याचा विषाणू घरात वर्षभरही तग धरतो. तसं झालं तर ब्लीचनं घर धुवा आणि लस न झालेलं दुसरं पिल्लू तिथं आणू नका. मुलाला "झोपलंय" किंवा "आईकडं गेलं" असं सांगू नका. मेलं असं सांगा. रडू द्या, तुम्हीही रडलात तर बिघडत नाही. त्यानं विचारलं की आपण काही चुकलो का, तर खरं उत्तर द्या. बहुतेक वेळा खरं उत्तर असतं, नाही, आपण उचललं नसतं तर ते थंडीत एकटं गेलं असतं.

पिल्लांची सोय लागली की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि खाली पार्किंगमध्ये त्यांची आई तशीच उरते. त्रेसष्ट-पासष्ट दिवसांत ती पुन्हा विते. दूध पाजत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. तिची नसबंदी झाल्याशिवाय तुमच्या मुलानं केलेलं काम अर्धंच राहतं, आणि पुढच्या पिल्लांच्या वेळी तुमचा फोन पुन्हा येतो. सोसायटीत काही लोक म्हणतील, सगळी उचलून लांब सोडा. तसं केलं तर रिकाम्या जागेवर काही महिन्यांत दुसरी मांजरं येतात, ही मी अनेक ठिकाणी पाहिलेली गोष्ट आहे. नसबंदी झालेली मांजरं जागा धरून राहतात, रात्रीचं ओरडणं थांबतं, बोक्याचा भिंतींवरचा उग्र वास कमी होतो, उंदीर आटोक्यात राहतात. सभेत हे सांगा. खर्च वर्गणीतून निघतो, पिंजरा प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था काही दिवसांसाठी देतात. आदल्या रात्रीपासून आवारात खाणं ठेवू नका, सकाळी पिंजऱ्यात माशाचा तुकडा ठेवला की ती आत येते. भुलीतच तिच्या डाव्या कानाचं टोक थोडं कापतात, म्हणजे पुन्हा कुणी तिला त्याच शस्त्रक्रियेसाठी धरत नाही. डॉक्टर सांगतील तेवढे दिवस कोरड्या जागी ठेवा आणि मग जिथून धरली तिथंच सोडा, कारण तिथले सगळे आडोसे तिला माहीत आहेत. पिल्लांनी दूध सोडलं की लगेच हे करून घ्या. ती पुन्हा माजावर यायला फार दिवस लागत नाहीत.